सोजरमावशींचं क्यारेक्टर

"सर, तुमच्याकडं चांगलं क्यारेक्टर हाय का?"

दारात उभं राहून सोजरमावशींनी हा प्रश्न खणखणीत आवाजात विचारला, तेव्हा माझ्या सायबर कॅफेतली पाचही पोरं खुर्चीत एकदम सरळ बसली. एकानं तर घाईघाईनं स्क्रीनच बंद करून टाकला. मीही नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि त्याला लागून हा कॅफे. इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं आणि कुणाचा फोन आला की जायचं, त्या वेळची ही गोष्ट.

"चांगलं म्हणजे कसं, मावशी?" मी जपून विचारलं.

"कसं म्हंजी? हत्ती, ससा, वाघ, कसलं बी. पर साधं पायजे. लई रेघांचं क्यारेक्टर आमच्या मशिनीला झेपत न्हाई."

असं म्हणून त्यांनी काखेतलं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं आणि जुन्या लुगड्याची गाठ सोडली. आतून शिलाई मशीनच्या निम्मं, पांढरंशुभ्र, गोल कडांचं एक यंत्र निघालं. त्यात कागद घालायचा, बटण दाबायचं, की आतलं बारीक पातं सरसर फिरून कागदातून चित्र कापून बाहेर काढायचं. असलं घरगुती यंत्र मी तोवर पाहिलं नव्हतं. शिरूरमध्ये कुणीच पाहिलं नसावं.

मावशी मूळच्या खुटबावच्या. सासरी पूर्वी मेंढरं होती, पुढं शेती आली. नवरा लवकर गेला. मुलाला रांजणगावच्या एमआयडीसीत काम लागलं, म्हणून त्याच्यासोबत शिरूरला आल्या. मुलाची बदली चाकणला झाली, मावशी मात्र इथंच राहिल्या. कारण त्यांना एका कोरियन साहेबाच्या घरी स्वयंपाकाचं काम मिळालं होतं. दोन वर्षांनी साहेब मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या बायकोनं जाताना हे यंत्र मावशींच्या हातात दिलं.

यंत्राबरोबर त्यात खोचायची, चित्रं साठवलेली एकच डबी आली होती, आणि तिच्यातली चित्रं सगळी थंड मुलखातली. बर्फाचा माणूस, शिंगं असलेलं हरिण, दात काढून हसणारा भोपळा. मावशींनी ती बिनतक्रार कापली आणि गल्लीत वाटली. शेजारच्या बारशाला पाळण्याभोवती बर्फाची एकवीस माणसं लटकवली. बाळाच्या आजीनं विचारलं, "सोजरबाई, हे जाडेजुडे कोण गं?"

"पाव्हणे हायेत," मावशी म्हणाल्या. "बारशाला आलेत, नावं ठेवायला."

पण पुढं पुढं त्यांनाच ते पाव्हणे नकोसे झाले. गल्लीतल्या अंगणवाडीच्या भिंती सजवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. तिथली पोरं भोपळ्याचे दात बघून रडायची. तेव्हापासून मावशी क्यारेक्टरच्या शोधाला लागल्या.

हा शोध बघण्यासारखा होता. बिस्किटाचे पुडे, काडेपेट्या, बियाण्याच्या पिशव्या, कुठंही चित्र दिसलं की मावशी थांबायच्या. कमरेच्या पिशवीत बटर पेपर आणि पेन्सिल कायम असायची. शाळेला निघालेल्या पोराच्या दप्तरावर अस्वल दिसलं की त्याला रस्त्यातच उभं करायच्या. "हालू नगंस, आवाज बी करू नगंस," म्हणत पाठीवर कागद लावून अस्वल गिरवून घ्यायच्या. घंटा झाली तरी पोरगं हलायचं नाही. गुरुजी उशिराचं कारण विचारायचे, पोरगं सांगायचं, "अस्वल काढत होत्या." एका लग्नात तर त्यांनी नवरीच्या मावळणीला पंगतीतून उठवलं, कारण तिच्या पदरावरचा मोर त्यांना पसंत पडला होता.

यंत्राबरोबरच्या सीडीतलं सॉफ्टवेअर मी माझ्या कॉम्प्युटरवर घातलं, आणि मग बाहेरची, स्कॅन केलेली चित्रंही कापता येऊ लागली. तेव्हापासून मावशींची माझ्याकडची एक खुर्ची पक्की झाली. मी चित्रं शोधायचो, त्या नापास करायच्या.

"ह्यो हत्ती सर्कशीतला हाय. तोंड बघा कसं पडलंय."

"ह्या वाघाला कुणी भिणार न्हाई. फुडं."

"ही रेघ इथं तुटलीय. रेघ तुटली की पातं मोकाट सुटतंय. जोडून घ्या."

मी रेघ जोडायचो. कागद कापून झाला की मावशी तो घेऊन रस्त्यापलीकडं जायच्या, तिथून उन्हात वर धरायच्या आणि ओरडायच्या, "सर, काय दिसतंय?" मी "ससा" म्हणालो तर काम झालं. "गाढव" म्हणालो तर परत पहिल्यापासून. येणारे-जाणारेही मग मत द्यायचे. एकदा एसटीच्या कंडक्टरनं गाडी थांबवून "मुंगूस!" असं सांगितल्याचं मला आठवतं. ती खार होती. मावशींनी ती फाडली.

यंत्रात कागद धरायला एक चिकट पाटी असते. वापरून वापरून तिचा चिकटपणा गेला. मावशींनी ती राखेनं घासली, धुतली आणि लुगड्याशेजारी दोरीवर वाळत घातली. मी डोक्याला हात लावला. पण त्यांनी पातळ डिंकाचा हात फिरवला आणि पाटी पुन्हा चालू झाली. कंपनीतल्या इंजिनिअरला जमलं नसतं ते.

अंगणवाडीत चार वर्षांची एक मुलगी होती, वांगी-टोमॅटोचा मळा असलेल्या आप्पांची नात. ती उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. रोज आप्पा तिला आणायचे, रोज ती त्यांच्या धोतराला धरून परत जायची. मावशी तिच्याजवळ फतकल घालून बसल्या. "आत कोण असलं म्हंजी तू येशील?"

मुलगी म्हणाली, "चांदी."

चांदी म्हणजे त्यांची शेळी.

आम्ही इंटरनेटवर दोन दिवस शेळ्या बघितल्या. दाढीवाल्या, केसाळ, डोंगराच्या टोकावर चढलेल्या. मुलीला एकेक दाखवली, तिनं एकेकीला मान हलवली. तिसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या, "चला सर, मूळ क्यारेक्टरकडंच जाऊ."

उन्हं तिरपी झाल्यावर आप्पांच्या मळ्यात मी चांदीला कानाला धरून उभा, पलीकडं आप्पा शेपटीकडं, आणि मावशी गोठ्याच्या भिंतीवर लावलेल्या वर्तमानपत्रावर तिची सावली गिरवतायत. चांदी एकदा माझा खिसा खाऊन गेली. मावशींनी मात्र तिला जीभ टाळ्याला लावून असा काही आवाज दिला, की ती पुतळ्यासारखी उभी राहिली. मेंढरामागं गेलेलं आयुष्य त्या एका आवाजात होतं. चांदीचा एक कान किंचित मुडपलेला होता. तो तसाच मुडपलेला कापला.

दुसऱ्या दिवशी मुलगी दारात आली, समोर भिंतीवर चांदी बघितली, आजोबांचं धोतर सोडलं आणि आत जाऊन तिच्याखाली बसली. आप्पा बाहेर उभे राहून उपरण्यानं तोंड पुसत राहिले. मावशी म्हणाल्या, "आप्पा, जावा आता. कामं न्हाईत का?"

मला वाटायचं, मावशी मला पुरत्या कळल्या.

एका दुपारी कॅफे रिकामा असताना त्या आल्या. कमरेला पिशवी नव्हती. खुर्चीवर बसल्या.

"सर, ह्याच्यात माणूस सापडतंय का?"

"कोण?"

"मिंजीम्याडम."

यंत्र देऊन गेलेली ती साहेबाची बायको. आडनाव? ठाऊक नाही. गाव? "इमानतळाच्या जवळ आसंल, इमानानंच गेली." मी नाव टाइप केलं. हजारो मिंजी आल्या. चित्रं हळूहळू वरून खाली उघडत होती. आधी केस, मग कपाळ, मग डोळे. मावशी प्रत्येक चेहरा पुरा होईतो थांबायच्या.

"ही न्हाई."

पुढचा चेहरा. "ही बी न्हाई."

मध्येच मी विचारलं, "मावशी, त्यांना मराठी यायचं?"

"छ्या. आन् मला कुठं त्यांचं येत हुतं? ती तिचं बोलायची, मी माझं. साहेब सकाळी जायचा, दिवसभर आमी दोघीच. दुपारी मशीन काढून बसायचो. आडलं न्हाई कवा."

"काय बोलायच्या त्या?"

"आईचं सांगायची बहुतेक. आवाजावरनं कळतंय की." मावशींची नजर स्क्रीनवरच होती. "मी तर तिला सगळं सांगितलंय. मालक गेले तवाचं. पोराला घेऊन कशी ऱ्हायले ते. हितं कुणाला सांगितलं न्हाई ते बी. तिला कळत नव्हतं म्हणून तर सांगता आलं."

मी पुढचं पान उघडलं.

ऊन उतरलं तरी मिंजी सापडली नाही. मी कॉम्प्युटर बंद करणार, एवढ्यात मावशींनी हात आडवा धरला. कुणा भलत्याच बाईचं चित्र होतं. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी, केस वर बांधलेले, पाठ आपल्याकडं. चेहरा दिसतच नव्हता.

"ही काढून द्या."

"पण या त्या नाहीत, मावशी."

"ठाव हाय. पर पाठमोरी आशीच दिसायची."

मी बाह्यरेषा काढली, तुटलेल्या जागा जोडल्या. या वेळी कागद उन्हात धरून कुणाला काही विचारणं झालं नाही. मावशींनी तो घडी न घालता, दोन्ही हातांवर आडवा धरून घरी नेला.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या खोलीवर गेलो. शेगडीच्या उजव्या अंगाला, भिंतीवर, ती पाठमोरी बाई चिकटवलेली होती. माणूस शेजारी उभं राहावं एवढ्या अंतरावर. मावशींनी चहा दिला आणि भाकरी थापता थापता मुलाचं सांगू लागल्या. चाकणला फ्लॅट बघितलाय, मावशींना तिकडं चला म्हणतोय, सूनही म्हणतेय.

"चांगलंच आहे की," मी म्हणालो.

"चांगलंच हाय," त्या म्हणाल्या. मग हात थांबला. त्या भिंतीकडं वळल्या आणि पुढचं सगळं तिकडं बघून, हलक्या आवाजात बोलत राहिल्या. मला नीट ऐकू येत नव्हतं. मी चहा संपवला आणि कप न वाजवता खाली ठेवला.