आमटीवर जोगळेकरांचं मत

जेवायला आलेल्या माणसाला "आमटी कशी झालीय?" असं विचारलं, तर तो "छान" म्हणतो आणि विषय संपतो. आमचे शेजारी जोगळेकर मात्र वाटी खाली ठेवून गंभीर व्हायचे.

"वहिनी, मी मत देऊ शकत नाही. कालच तुमच्याकडून विरजण नेलंय. हितसंबंध!"

आणि मग पुन्हा वाटी पुढे करायचे.

"अहो, बरं-वाईट काहीतरी बोला की मेलं!" माझी बायको वैतागायची. पण व्यर्थ.

"आधी पात्रता, मग मत" हे त्यांचं पालुपद. इथे हॉलंडमधल्या कापेल गावात आम्ही गणपतीत मोदकांची स्पर्धा ठेवली, तर यांनी परीक्षकांचीच तपासणी केली. एक निघाला स्पर्धकाच्या ऑफिसातला, दुसरा डायबेटिसवाला, तिसरी कुणाची तरी नणंद. परीक्षक एकही उरला नाही. मोदक पोरांनी फस्त केले.

याचं मूळ अमेरिकेत आहे. हॉलंडला येण्याआधी जोगळेकर तिकडे प्रोग्रामर होते. एकदा त्यांना कोर्टाचं बोलावणं आलं, ज्युरीत बसायला या म्हणून. खटला ऐकायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष ते सांगायचं. गडी हरखला. रजा टाकली, नवा सूट घेतला. रांगेत नंबर लागला तेव्हा टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "नागरिक आहात का?" नाही म्हटल्यावर सगळ्यांदेखत परत पाठवलं. ड्रायव्हिंग लायसन्सवाल्यांच्या यादीतून नाव उचललं गेलं होतं, एवढंच.

तेव्हापासून त्यांनी तिकडच्या एकेका राज्याचे ज्युरीचे नियम पाठ केले. "मिसिसिपीत एकवीस पूर्ण हवीत. मेन राज्यात तर तुरुंगात जाऊन आलेलासुद्धा चालतो! आणि जन्मात सिग्नल न तोडलेला जोगळेकर? पन्नास राज्यांत कुठेही चालत नाही!"

हॉलंडमध्ये ज्युरीच नसते, निकाल न्यायाधीशच देतात, हे कळल्यावर त्यांना केवढं हायसं वाटलं होतं. "इथे कुणाला बोलावतच नाहीत, देशपांडे. म्हणजे परत पाठवायचा प्रश्नच नाही."

आणि २००६ साली त्यांच्या दारात नगरपालिकेच्या निवडणुकीचं मतदानकार्ड येऊन पडलं.

ते घेऊन आमच्याकडे आले तेव्हा चेहरा पार उतरला होता. कार्डावर जाड मार्करने इंग्रजीत 'अपात्र' असं लिहून ते परत पाठवायला निघाले होते.

"पुन्हा तोच घोळ. पासपोर्ट भारताचा आहे माझा. मी नाही आता त्या रांगेत उभा राहणार."

मला हसू येईना. सायकली काढल्या आणि त्यांना जवळजवळ ओढतच खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत घेऊन गेलो.

"मी नागरिक नाही," काउंटरवर त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "पाच वर्षं झाली ना इथे राहून? मग गावाच्या निवडणुकीत मत देता येतं. पण कार्डावर हे कुणी लिहिलं?"

"मीच."

बाई मनापासून हसल्या आणि नवं कार्ड द्यायची व्यवस्था केली.

मतदानाला जोगळेकर तोच अमेरिकेतला सूट घालून निघाले. पोटावर बटण लागेना, म्हणून वरून रेनकोट. मतदान होतं त्या शाळेत मी भिंतीशी उभा राहिलो. मला अजून पाच वर्षं व्हायची होती. रांग सरकली. टेबलामागच्या माणसाने कार्ड घेतलं, नाव पाहिलं आणि मशीनकडे हात केला. नागरिक आहात का, असं कुणीही विचारलं नाही. माझाच जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी ते आमच्याकडे जेवायला होते. आमटी भुरकली, वाटी खाली ठेवली, घसा साफ केला.

"वहिनी, मीठ कमी आहे."

बायको मीठ आणायला स्वयंपाकघरात गेली, आणि डोळे पुसूनच बाहेर आली.