सॉरीचा मराठी भाव

गोरक्षनाथने ट्रॅक्टर जरा जास्तच कडेने घेतला आणि उसाच्या ट्रेलरने वाल्मिकच्या वाढदिवसाचा फ्लेक्स कपाळापासून हनुवटीपर्यंत फाडला. 'भावी सरपंच' यातलं 'भावी' तेवढं बांबूला लटकत राहिलं. गोरक्षनाथने मान वळवून पाहिलं, इंजिन चालूच ठेवलं आणि सीटवरूनच हात वर केला. "सॉरी रे!"

नेवासा तालुक्यातल्या त्या वस्तीवर एरवी एवढ्यावर कोणी कोणाशी भांडत नाही, निदान दिवसाढवळ्या तरी. पण फ्लेक्स आदल्याच संध्याकाळी लागला होता आणि वाढदिवस आज होता. वाल्मिकने ओट्यावरची खुर्ची सोडली, जीप काढली आणि दारापुढच्या पाटपाण्याच्या चारीवरच्या पुलावर आडवी लावली. शेतातून डांबरीला जायला तेवढीच वाट. ट्रेलर जागीच थांबला.

"हे काय रे वाल्मिक? सॉरी म्हनलो की."

"नाना, सॉरी यष्टीत पायावर पाय पडला की म्हनत्यात. तुमी माझं तोंड फाडलंय."

"तोंड न्हाई, फ्लेक्स."

"त्याच्यावर तोंड माझंच हुतं ना? खाली उतरा आन मराठीत बोला."

आता गोरक्षनाथ हा वाल्मिकचा थोरला चुलतभाऊ. धाकट्यापुढे उतरून बोलायचं म्हणजे भावकीत वर्षभर पुरेल एवढी चर्चा. पण तोडलेला ऊस उन्हात राहिला की वजनात उतरतो, आणि कारखान्याचा काटा कोणाची भावकी बघत नाही. उतरायचं कोणी, उसाने की आपण, याचा हिशोब गोरक्षनाथ सीटवर बसून करू लागला.

वाल्मिकची बायको आरती हे सगळं ओट्यावरून पाहत होती. तिने तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. "सर, जरा येता का? माझ्या दारात जत्रा भराया लागलीय."

अध्यक्ष म्हणजे शांतवन सर. सगळी नोकरी इंग्रजी शिकवण्यात गेलेली. छत्री उघडून ते चालत आले आणि दोन्ही बाजू ऐकून म्हणाले, "सॉरी हा शब्द मुळात वाईट नाही. इंग्रज माणूस धक्का लागला तरी सॉरी म्हणतो आणि मयताच्या घरी गेला तरी सॉरीच म्हणतो."

"म्हंजे स्वस्तातलाच हाय," वाल्मिक म्हणाला. "भारीतला काढा."

"बरं. दिलगिरी व्यक्त करतो, हे कसं वाटतं?"

"ती वीजवाले व्यक्त करत्यात. लाईट जायची ती जातीच."

"क्षमस्व?"

"ते पेपरात छापून येतं. आतल्या पानावर, बारीक अक्षरात."

"माफ करा," सर म्हणाले. यावर वाल्मिक विचार करू लागला, पण गोरक्षनाथच भडकला. "ते आपन दारावर मागाया आलेल्याला म्हनतो. माफ करा, पुढं जा. हितं पुढं जायचं तर मला हाय."

"मग पाया पडतो म्हना," वाल्मिकने सुचवलं.

"थोरले दीर पाया पडले तर पाप मला बी लागंल," आरती ओट्यावरून म्हणाली. "तो शब्द घ्यायचा न्हाई."

तोवर गोरक्षनाथच्या मागे रांग लागली होती. आणखी ट्रॅक्टर, दोन-चार बैलगाड्या, त्यांच्यात अडकलेल्या मोटारसायकली. ऊसतोडीची टोळी बाभळीखाली आडवी झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "कोंचा बी शब्द घ्या पर हला. आन वाल्मिकराव, ह्या रांगेत तुमची मतं वाळाया लागली बरं का."

वाल्मिकला मतांचं वाईट वाटलं आणि गोरक्षनाथला उसाचं. शेवटी ऊस जड भरला. गोरक्षनाथ खाली उतरला, टोपी काढली आणि म्हणाला, "वाल्मिक, माझं चुकलं."

हे वाक्य तो वडिलांपुढेसुद्धा क्वचितच बोलला असेल. सगळे वाल्मिककडे पाहू लागले, आणि पंचाईत तिथंच झाली. आपल्याला काय हवं याची त्याने भरपूर तयारी केली होती. मिळाल्यावर काय म्हणायचं याची अजिबात नव्हती.

"ठीक हाय," तो म्हणाला.

गोरक्षनाथने टोपी परत घातली. "ठीक हाय? माझी सॉरी तुला पुरली न्हाई, आन तुझं ठीक हाय मला पुरंल व्हय?"

"इंग्रजीत इट्स ओके म्हणतात," सर घाईघाईने म्हणाले.

"मराठीत सांगा, सर. नियम सगळ्यांना एकच."

"माफ केलं?"

"मला माफ करनारा ह्यो कोन? ह्याला खांद्यावर घिऊन यात्रंला गेल्तो मी."

"काही हरकत नाही?"

"हरकत न्हवती तर जीप का आडवी लावली?"

सरांनी छत्री मिटली. गोरक्षनाथ ट्रेलरच्या दांडीवर बसला. "नीट शब्द मिळंपर्यंत आता मी बी हालनार न्हाई."

चूक कबूल करायला मराठीत शब्द ढीगभर आहेत. ती पदरात घ्यायला मात्र शब्द नाही, चहा आहे. हे तिथं एकट्या आरतीला ठाऊक होतं. "सगळ्यांना चहा टाकते," ती म्हणाली. "पिला की मिटलं."

यावर कोणाला हरकत घेता येईना. आरतीने मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि थोड्या वेळाने पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, साखर संपलीय."

दारात उसाची रांग आणि घरात साखर नाही, यावर टोळीतली माणसंसुद्धा उठून बसून हसली. आरतीने फाट्यावर राहणाऱ्या बनुबाईला, म्हणजे गोरक्षनाथच्या बायकोला, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"साखर हाय," बनुबाई म्हणाली. "पर मी आनून देनार न्हाई. ज्याचा वाढदिवस हाय त्यानं येऊन न्यावी."

मोटारसायकली सगळ्या रांगेत अडकलेल्या. भावी सरपंच फाट्यापर्यंत चालत थोडाच जाणार? "आलोच, वहिनी," म्हणत वाल्मिक जीपमध्ये बसला आणि गेला.

पूल मोकळा झाला. गोरक्षनाथने सरांकडे पाहिलं. सरांनी आभाळाकडे पाहिलं. ट्रॅक्टर सुरू झाला.

वाल्मिक साखर घेऊन परतला तेव्हा समोरून ट्रेलरमागून ट्रेलर येत होते. जीप कडेला घेऊन तो थांबला आणि पिशवी मांडीवर ठेवून प्रत्येकाला सवयीने हात जोडत राहिला. शेवटची बैलगाडी गेल्यावर मग त्याच्या सगळं लक्षात आलं.

घरी ओट्यावर शांतवन सर एकटेच कप घेऊन बसले होते.

"बिनसाखरेचाच घेतला का, सर?"

"नाही, चांगला गोड आहे," सर म्हणाले आणि कप बशीत ठेवून स्वयंपाकघराकडे पाहू लागले.

आतून आरतीचा आवाज आला. "ती पिशवी हिकडं द्या. पुरन घालायचंय तुमच्या वाढदिवसाचं. डब्यातली तेवढ्याला पुरली नसती."