लोकरकाठी खडकावर फुलली त्याची हकीकत

श्री वनदेवता समर्थ. मुळास माती, पानास ऊन आणि ऐकणारास सवड असो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्य नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका डोंगरी राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राजे मोठे दाते, दिलदार, परंतु निद्रेवर बहुत प्रीती. सूर्य डोईवर आलियावाचून डोळा उघडीत नसत, आणि म्हणोन त्या राज्यात दरबार तिसरे प्रहरी भरे. राजबागेची कारभारीण सगुणाबाई माळीण. भ्रतार धारोजी निवर्तलियावर कुदळ तिने हाती घेतली, त्यास बारा वर्षे जाहली. मोगरा, शेवंती, गुलाब, कशास उणे नाही. परंतु बागेचे वरचे अंगास एक खडकाळ उतार होता, तेथे गवतही धड उगवेना. धारोजीने जन्मभर तेथे रोपे लाविली आणि जन्मभर ती वाळली, ते बाईचे जिवास सलत असे. आणि त्याच उतारावर बाग व पागा या दोहोंचे दारोगे अंबरराव यांचा डोळा. माणूस वाईट नव्हे, परंतु घाई फार. ते म्हणत, "येथे घोडे बांधावे, पागेस जागा अपुरी पडते."

ऐशात थंड मुलखाचा एक घोड्यांचा सौदागर दरबारी आला, आणि त्याने जाता जाता बियांची एक पुडी बाईचे हाती दिली. बी मोहरीहून बारीक, तपकिरीसारखे. बाईस शिंक येऊ घातली ती पदराने दाबिली, नाहीतर बाग तेथेच उडाली असती. सौदागर बोलिला, "हे खडकाळ जागी नुसते भुरभुरावे, वर माती लोटू नये, पाणी बेताने द्यावे. पुरुषाहून उंच सोन्याची काठी उभी राहील." झाडाचे नाव त्याने आपले बोलीत सांगितले ते कोणाचे जिभेस वळेना. बाईने बी त्या उतारावर भुरभुरिले, पुढे रोपे उगवली, पानांवर मऊ पांढरी लोकर दिसली, आणि लोकांनी लोकरकाठी म्हणावयास आरंभ केला. रोपे अकरा. महाराजांनी आज्ञा केली की, "चैत्री पाडव्यास फूल दिसावे. न दिसल्यास उतार पागेकडे."

पाडवा आला, महाराजांची स्वारी आली, आणि पाहतात तो फूल नाही, काठी नाही. भुईसरपट पानांचे अकरा गोल गड्डे. महाराजांनी एक पान कुरवाळिले आणि म्हणाले, "हा तर मांजराचा कान." दारोगे बोलिले, "कोबीच म्हणावी, सरकार, परंतु कोबीची भाजी तरी होते." दरबारी मंडळी हसली. परंतु सगुणाबाईने आदले दिवशी एका रोपाचे कडेस बोटाने उकरोन पाहिले होते, आणि मूळ मुळ्याऐसे जाड, खडकाचे फटीत खोल गेलेले दिसले होते. ती हात जोडोन म्हणाली, "सरकार, पोर जन्मले की लागलीच बोहल्यावर उभे राहते का? यंदा याने बूड धरिले. जे एवढे खाली गेले ते वर आल्यावाचून राहणार नाही. एक पाडवा आणिक द्यावा." महाराज हसले आणि वर्षाची मुदत दिधली.

मग पावसाळा लागला. लोकरीत पाणी मुरोन झाड कुजेल हे भय धरोन बाईने बुडाशी बारीक खडे पसरिले, आणि बायका शेतात डोईवर घेतात तैसी अकरा इरली विणोन अकरा झाडांवर घातली. दारोगे म्हणाले, "आज इरली, उद्या वहाणा घालाल!" बाई म्हणाली, "पाय दिसले तर त्याही घालीन."

पावसाळा सरला, झाडे हत्तीचे कानाऐसी रुंद जाहली, आणि बाई लेकीचे बाळंतपणास सव्वा महिना गावी गेली. इकडे दारोग्यांचे मनी आले की फूल महाराजांचे दाराशीच उमलावे. त्यांनी आठ झाडे खणोन काढिली, वाड्यापुढे काळ्या मातीत लाविली, लेंडीखत घातले आणि सांजसकाळ घागरी ओतिल्या. लांब मुळे तुटली ती तुटलीच, आणि राहिले ते पाण्याने कुजले. बाई परतोन आली आणि आठ झाडांचा चिखल पाहिला. दारोगे मान खाली घालोन म्हणाले, "बाई, बरे व्हावे म्हणोन केले." बाई रडत रडत बोलिली, "रावसाहेब, उपासाचे माणसास तुम्ही श्रीखंड चारिले! हे झाड हालअपेष्टांत वाढते, लाडात मरते. आता उरली तीन, त्यांस हात लावाल तर कुदळ माझी आणि पाय तुमचा."

दारोग्यांनी हात लाविला नाही. मग फाल्गुनात त्या तीन झाडांतून दांडे उठले. आधी वीतभर, मग छातीइतके, मग दारोग्यांचे पागोट्याहून वर. पाडव्यास तीन दिवस राहिले असता सकाळी पिवळी फुले उमलली, आत जांभळे केसर, आणि मधमाशांची एकच झुंबड. बाईने वर्दी दिधली, महाराज रिवाजाप्रमाणे तिसरे प्रहरी आले, आणि तोवर उन्हाने फुले गळोन भुईवर पडली होती. महाराजांनी विचारिले, "फूल कोठे?" बाई म्हणाली, "सकाळी येऊन गेले, सरकार." "आमची वाट न पाहता?" "त्यास हुजूरचा रिवाज ठाऊक नाही." महाराजांची मुद्रा आंबट जाहली. म्हणाले, "पाडव्यास पाहू," आणि निघोन गेले.

आता महाराजांस पहाटे उठवावे कोणी? मागे एका हुजऱ्याने उठविले, तो अद्याप सीमेवरचे चौकीत कावळे मोजीत होता. बाई म्हणाली, "मी जाते." तो दारोगे पुढे होऊन बोलिले, "आठ झाडे मी मारिली. हे काम माझे." आणि पाडव्याचे पहाटे दारोगे शयनमहाली गेले, आणि तीन वेळा हाक मारिली. पहिलीस उत्तर नाही, दुसरीस उशी आली, तिसरीस तांब्या आला. तांब्या झेलोन दारोगे म्हणाले, "सरकार, पाणीही सोबतच आले, आता तोंड धुवावे." आतून महाराजांचे हसणे ऐकू आले.

महाराज शाल पांघरोन अनवाणी उतार चढले. कोवळे ऊन खडकावर पडत होते, आणि तीन सोन्याच्या काठ्या उभ्या, एकेका काठीवर शेकडा फुले, दव अजून वाळले नव्हते. महाराज खडकावर बसले. मग पुसिले, "हे नित्य सकाळी ऐसेच असते?" "होय सरकार." "फूल नव्हे. हे ऊन, हा वारा." "तेही, सरकार." महाराज म्हणाले, "आणि आम्हांस कोणी सांगितले नाही." मग उभे राहोन आज्ञा केली की, "उतार बागेकडे कायम. पागेस नदीकाठची जागा द्यावी. यास धारोजीचा उतार म्हणावे." बाईने मुजरा केला, परंतु वर पाहवेना, म्हणोन उगीच वाकोन एक खडा सारखा करीत राहिली. दारोगेही शेजारी वाकोन दुसरा खडा सारखा करू लागले, तेव्हा बाई म्हणाली, "रावसाहेब, तो होता तेथेच बरा होता."

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. पुढे दांड्यांवर बी धरिले, ते आपोआप झडोन खडकाचे फटीफटीत रुजले, आणि तिसरे वर्षी तो उतार दोन कोसांवरोन पिवळा दिसे. बी पेरिले वाऱ्याने, राखिले सगुणाबाईने, आणि हात मागे बांधोन उभे राहण्याचे कठीण काम अंबररावांनी केले. लेखनसीमा.