अकरा झाडांचा कोरा चहा

चहातलं कळणारा माणूस आमच्या अख्ख्या पाटण तालुक्यात एकच, आणि तो मी! हे मी पूर्वी दिवसातून दोनदा सांगायचो. आता कुणी विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि कुणी विचारत नाही.

फौजेतली शेवटची सहा वर्षं मी आसामात काढली. आमच्या तळाला लागूनच चहाचा मळा होता. सुट्टी मिळाली की मी तिथल्या मुकादमाच्या मागे मागे हिंडायचो. चहाला पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं खपत नाही, हे त्यानंच मला सांगितलं. म्हणजे आमच्या डोंगराचा उतारच की! निवृत्त झालो तेव्हा तीस रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं घरी आणली. त्यातली अकरा जगली. चार वर्षं मी त्यांना सावली केली, छाटलं, खत घातलं. विमल, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणायची की पोरीच्या लग्नाची एवढी काळजी केली असती तर एव्हाना अंगणात नातू खेळला असता.

यंदा पहिल्यांदा खुडणी केली. दोन कोवळी पानं आणि मधला कोंब, बस्स, एवढंच घ्यायचं. ती पानं पुढच्या सोप्यात पांढऱ्या धोतरावर पसरून मलूल होऊ द्यायची, तळहातावर चोळून वळायची, तांबूस झाली की मंद आचेवर वाळवायची. एवढ्या उस्तवारीतून एक डबा भरला. पानं पसरायला जागा हवी म्हणून लालासाहेब आबांची बाज मी भिंतीला उभी करून ठेवली होती. आबा म्हणजे माझे चुलते, वय ब्याऐंशी. ते कोयनानगरला लेकीकडे गेले होते, त्यामुळे कुरकुरायला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या राजेश्वरीची सुपारी फुटायची होती. मुलगा शिवतेज फौजेतला, घर सांगलीकडचं. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं, आणि राजेश्वरी तर हल्ली भाकरी थापतानासुद्धा गुणगुणायची. अडचण एकच होती. शिवतेजची सुट्टी वीस दिवसांची. तेवढ्यात लग्न उरकलं तर उरकलं, नाहीतर पुढच्या वर्षी. म्हणून रविवारीच बैठक ठरली. आबा दुपारच्या एसटीनं येणार आणि त्यांच्या हातानं सुपारी फोडायची.

मी घरात जाहीर केलं की पाहुण्यांना माझ्या मळ्यातला चहा द्यायचा, आणि तोही रीतसर. पाणी उकळून खाली उतरवायचं, पत्ती टाकायची, चार मिनिटं झाकून ठेवायचं. दूध नाही, आलं नाही, साखर नावापुरती.

"आवं, शुभ कामाला कोरा चा?" विमल म्हणाली.

मी तिला आसामबद्दल पाऊण तास समजावलं. तरी घरात दूध राहिलं तर ही गुपचूप घालणार, हे मी ओळखून होतो. म्हणून सकाळचं सगळं दूध डेअरीला घालून आलो. फौजेत याला पूर्वतयारी म्हणतात.

अकराला पाहुणे आले. शिवतेज, त्याची आई शालूबाई आणि मामा. मी स्वतः कप पुढे केले. शालूबाईंनी कपात पाहिलं. मग भिंतीला उभी केलेली बाज पाहिली, खाली पसरलेलं पांढरं धोतर पाहिलं आणि शेवटी माझं बारीक कापलेलं फौजी डोकं पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मामांनी सुपारीची पिशवी हळूच पाठीमागे सरकवली.

"आमाला कळवायचं तरी," शालूबाई म्हणाल्या.

"म्हटलं, घोट घेतल्यावर कळंलच," मी म्हणालो.

तिघेही माना खाली घालून गपगुमान चहा प्यायले. मला वाटलं, चव घेतायत!

तेवढ्यात शेजारच्या धोंडुबाई पाहुणे बघायला दारात आल्या. आतला देखावा बघून आल्या पावली परत फिरल्या, आणि दोनच मिनिटांत त्यांचा हंबरडा साऱ्या आळीला ऐकू आला. "आबा गेलं गं बाई!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे बिनदुधाचा चहा पाहुण्याला एकाच घरी मिळतो, जिथे माणूस गेलेलं असतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. आसामात मी तेवढंच नेमकं विसरून आलो होतो. आणि उभी केलेली बाज तर आबांचीच!

मग माणसं येऊ लागली. बायका पदर लावून, बाप्ये टोप्या हातात घेऊन. आबा धडधाकट आहेत, कोयनानगरला आहेत, असं मी प्रत्येकाला सांगत होतो, आणि प्रत्येक जण माझ्या पाठीवरून हात फिरवत होता. आबांना फोन लावला तर लागेना, घाटात रेंज नसते. राजेश्वरीला दूध आणायला पिटाळलं तर ती रिकामं भांडं घेऊन परत आली. आळीतल्या सगळ्या घरांना कुलपं होती, कारण सगळी आळी आमच्याकडे बसली होती. आणि आता कबूलच करतो, एवढी माणसं आयती बसलेली पाहून मी त्यांनाही चहा दिलाच.

दुपार झाली तशा शालूबाई उठल्या. मी त्यांच्यापुढे हात जोडले आणि सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"लेकीचं लगीन लांबू नये म्हनून आसं करताय, कळतंय मला," त्या म्हणाल्या. "पर सुतक लपवून सुपारी फोडनाऱ्या घरात आमी सोयरीक करनार न्हाई."

आणि "येतो" न म्हणता त्या निघाल्या. मयताच्या घरून निघताना म्हणत नाहीत तसं. स्वयंपाकघराच्या दारात राजेश्वरी रिकामं भांडं पोटाशी धरून उभी होती आणि शिवतेज तिच्याकडे बघत होता.  मला अशी लाज वाटली की अकराच्या अकरा झाडं उपटून टाकावीत.

एवढ्यात गर्दीच्या मागच्या टोकाला कुणीतरी येऊन टेकलं. कप वाटणाऱ्या आमच्या गुंडा नावाच्या गड्यानं मान वर न करता त्याच्याही हातात कप दिला. त्या माणसानं कपात पाहिलं, सुस्कारा सोडला, एक घोट घेतला आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

"कोन का आसंना," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मानूस लय चांगलं हुतं."

शेजारी बसलेल्या धोंडुबाईंनी वळून पाहिलं आणि किंचाळून दाराशी पोचलेल्या शालूबाईंनाच मिठी मारली. ते लालासाहेब आबा होते! काखेत पिशवी, हातात कोरा चहा.

शालूबाई आधी पांढऱ्या पडल्या, मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की त्यांना पुन्हा खाली बसवावं लागलं. मामांनी पिशवी पुढे घेतली. आबांनी बत्त्याच्या एका घावात सुपारी फोडली. पण मधूनमधून "आरं, मग गेलं कोन?" हे त्यांचं चालूच होतं. अख्ख्या आळीनं आपापल्या घरून दूध आणलं आणि विमलनं माझ्या पत्तीत आलं, साखर नि दूध घालून ती खळखळ उकळली. मीच कप विसळून दिले. एका दिवसात डबा रिकामा झाला.

लग्न सुट्टीतच पार पडलं. झाडं अजून आहेत. पुढच्या खुडणीचा डबाही भरून ठेवला होता, पण त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. अखेर गेल्या महिन्यात वरच्या आळीतले एक म्हातारबा वारले आणि सकाळी सकाळी मला फोन आला.

"सुभेदार, तेवढा तुमच्या मळ्यातला चा घिऊन या. आबांच्या वक्ताला लय फक्कड झाला हुता!"