थूल डॉक्टरांना हरवायचं कोणी?

थूल डॉक्टरांनी मारलेला बॉल चुन्याच्या रेघेच्या चार बोटं बाहेर पडला होता आणि मी तो आत दिला. चुकून नाही. सगळ्या गावासमोर, शिट्टी वाजवून, हात लांब करून दिला.

पण बॉलच्या आधी डॉक्टर सांगायला हवेत.

हिंगणीवरून बोर धरणाकडे निघालं की आमचं गाव लागतं. मी इथल्या शाळेत मास्तर. गावात शिट्टी एकट्या माझ्याकडे, म्हणून व्हॉलीबॉलचा अंपायरही मीच. डॉक्टर दोन वर्षांपूर्वी इथल्या सरकारी दवाखान्यात आले आणि माझ्या घराला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहू लागले. मूळचे भंडाऱ्याकडचे. वय सत्तावीस, लग्न व्हायचं आहे, आडनाव थूल आणि अंगानं कापसाची वाळलेली पऱ्हाटी.

दवाखान्याची वेळ संपली की गळ्यातला स्टेथोस्कोप ते खणात ठेवत, खणाला कुलूप लावत आणि किल्ली नर्सबाईंच्या हातात देत. जणू तो रात्री सुटून येऊन चावेल. मग चहाच्या टपरीवर येऊन बाकावर बसत आणि कोणी तोंड उघडायच्या आत सांगत, "तब्येत सोडून बोला."

तातडीचं काही आलं तर हाच माणूस हातातला घास टाकून पळायचा, ते वेगळं. पण टपरीवर कायदा म्हणजे कायदा.

आता आमच्या गावात तब्येत सोडून बोलायचं म्हणजे पाऊस सोडून शेतीचं बोलण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी कंबर धरून आलेले नामदेवबुवा दहा मिनिटं नुसते बसून राहिले. मग चाचरत म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बैलाच्या तब्येतीचं चालन का?"

"बैलाची पण सोडून."

"मंग मी घरी जातो," म्हणून बुवा उठले.

मी स्वतःला बुवांपेक्षा हुशार समजतो. मी म्हटलं, "डॉक्टर, माझा एक मित्र आहे. त्याचा डावा गुडघा जिना चढताना कटकट वाजतो."

डॉक्टरांनी चहाचा घोट घेतला आणि माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघत म्हणाले, "मित्राला म्हणा, उद्या नऊ वाजता दवाखान्यात या. आत्ता टपरीवर लंगडत आला तसं नको, भिंतीला धरून या."

त्यांचा दुसरा नाद वाघाचा. दर रविवारी पहाटे दुर्बीण गळ्यात घालून धरणाच्या रस्त्यानं मोटरसायकल काढायची आणि दुपारी उन्हानं लाल होऊन परत यायचं. दोन वर्षांत वाघाचं शेपूटही दिसलं नाही. गावातल्या बाकी सगळ्यांना वाघ दिसलेला. वर्धेच्या फेऱ्या मारणाऱ्या ऑटोवाल्या मंगेशला तर दोनदा, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात टमरेल होतं. हे ऐकल्यापासून पुढच्या रविवारी दुर्बीण न्यावी का टमरेल, याचा डॉक्टर गंभीरपणे विचार करत होते.

पण खरा जीव व्हॉलीबॉलवर. संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. जाळी स्वतः बांधणार, चुना स्वतः टाकणार. खेळ मात्र असा, की बॉल आला की हे दोन्ही हात जोडून त्याला नमस्कार करत आणि बॉल आशीर्वाद न देता निघून जाई. सुधारणा व्हावी म्हणून रोज सकाळी ते क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर बॉल मारत. धप्, धप्, धप्. आमच्याकडे घड्याळाचा गजर बंद झाला तो तेव्हापासून. माझी बायको सुनंदा कूस बदलत म्हणायची, "उठा. डॉक्टर भाऊ भितीले इंजेक्शन देऊन राह्यले."

आणि एवढं असून हा माणूस गावात कधी हरत नसे.

त्याचं कारण मंगेश. तो आमच्या टीमचा कॅप्टन. पहिल्याच आठवड्यात त्यानं सगळ्यांना बाजूला घेऊन समजावलं, "पाहा भाऊ, आज त्यायले हरवाचं आन उद्या त्यायच्याच हातची सुई घ्याची? हरलेल्या मानसाच्या हातात सुई देत नसतात."

हा विचार गावाला एकदम पटला. डॉक्टरांच्या अंगावर कोणी बॉल जोरात मारीना. पाहुण्याच्या हातावर पेढा ठेवावा तसा अलगद द्यायचे. कॅरमवर राणी त्यांच्या भोकाच्या तोंडाशी नेऊन ठेवायचे. मी रोज संध्याकाळी आमच्या ओसरीत त्यांच्याशी कॅरम खेळे आणि रोज हरे. आत आल्यावर सुनंदाला सांगे, "आजही मुद्दाम हरलो बरं का. शेजारधर्म."

ती "हाव" म्हणायची आणि पोळ्या लाटत राहायची.

मग पवनारकडच्या एका टीमशी सामना ठरला. आदल्या दिवशी, रविवारी धरणावरून परत आल्याबरोबर, डॉक्टरांनी मला टपरीमागे नेलं. "गुरुजी, खरं सांगा. मी टीममध्ये बसतो का? उगाच डॉक्टर म्हणून घेत असतील तर मी बाहेर बसून टाळ्या वाजवीन. मला काही वाटणार नाही."

विचारताना ते दुर्बिणीचा पट्टा बोटाला गुंडाळत होते. वाटणार होतं, हे उघड होतं. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "काय बोलता! तुमच्याशिवाय टीम म्हणजे हळदीशिवाय वरण."

त्या दिवसापुरता हळदीचा विषय संपला आणि दुसऱ्या दिवशी सामना सुरू झाला. पाहुण्या टीमला आमचा सुईचा नियम कोणी सांगितला नव्हता. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं आणि प्रत्येक बॉल डॉक्टरांच्या अंगावर घातला. तरी मंगेश एकटा तिघांचं खेळला आणि शेवटच्या सेटमध्ये आम्ही चौदा, ते तेरा असं आणून ठेवलं. एक पॉइंट की सामना आमचा. सर्व्हिसची पाळी डॉक्टरांची.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि मारला. बॉल जाळीवरून गेला, हेच नवल. पलीकडे चार बोटं बाहेर पडला. मी आत दिला.

पाहुणे धावून आले. "ओ अंपायर, चष्मा घरी इसरला का?" आमच्या बाजूनं हलगी सुरू झाली होती. नामदेवबुवा नाचत होते, त्यांची कंबर त्या क्षणी पूर्ण बरी होती.

आणि डॉक्टर जाळीखालून पलीकडे गेले. चुन्याजवळ वाकले, बॉलचा उमटलेला गोल बघितला, रेघेपासून बोटं लावून मोजली. मग उभं राहून म्हणाले, "बाहेर आहे. चार बोटं."

हलगी थांबली. पॉइंट पाहुण्यांना गेला. पुढचे दोनही गेले आणि सामनाही गेला.

मंगेशनं डोक्याचा रुमाल काढून जमिनीवर आपटला. "अबे डॉक्टर! जिंकून राह्यलो होतो ना बे! काऊन तोंड उघडलं तू? आन त्या आधी सर्व्हिस मारली का माशी हाकलली बे!"

मंगेश दोन पावलं मागे सरकला. पुढच्या जन्मापर्यंतच्या सगळ्या सुया त्याच्या डोळ्यांपुढे आल्या असणार.

डॉक्टरांचे कान लाल झाले. मग ते हसले. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "चुकलं बे मंग्या," म्हणाले आणि जाळी सोडायला गेले. मंगेशनं रुमाल उचलला आणि जाऊन जाळीचं दुसरं टोक धरलं.

दिवेलागणीला डॉक्टर नेहमीसारखे आमच्या ओसरीत आले. कॅरम मांडला, पण स्ट्रायकर हातातच ठेवला.

"गुरुजी, तुम्ही बॉल आत का दिला?"

मी म्हटलं, "नजरचूक."

ते बोर्डावरची पावडर बोटानं इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, "हॉस्टेलला मी रोज हरायचो. कॅरम, पत्ते, सगळं. पोरं मला हरवायची, वर माझ्याच डब्यातला चिवडा खायची आणि शिव्या घालायची. इथं आलो आणि जिंकायलाच लागलो. पहिले सहा महिने वाटलं, आपण सुधारलो. मग कळलं. या गावात माझा बॉल जोरात परत देणारी एक भिंतच आहे, गुरुजी. म्हणून सकाळी तिच्याशी खेळतो."

आम्ही ज्याला धप् धप् म्हणून हसत होतो, ते हे होतं.

"आज एक डाव खरा खेळा," ते म्हणाले. "तुमच्या गुडघ्याची शपथ."

मी शपथ घेतली. चष्मा पुसला. मांडी मोडून नीट बसलो, बोर्डावर पावडर मारली आणि दोन वर्षं दाबून ठेवलेला सगळा खेळ बाहेर काढला.

आणि हरलो. माझ्या सहा गोट्या बोर्डावर तशाच राहिल्या.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पुन्हा तेच ना, गुरुजी?"

"नाही हो! देवाशपथ! मनापासून खेळलो!"

पण दोन वर्षं खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण ऐकतो? ते उठले, ओसरीखाली उतरून चप्पल पायात घालू लागले. मी नुसता हातात स्ट्रायकर घेऊन बसलेला.

तेवढ्यात सुनंदा कणकेचे हात पुसत बाहेर आली. मला म्हणाली, "सरका." मी सरकलो. "या डॉक्टर भाऊ, बसा." ते बसले. तिनं पहिल्याच फटक्यात तीन गोट्या घातल्या, मग राणी, मग उरलेलं सगळं. डॉक्टरांची एकच गोटी गेली, तीही तिच्याच स्ट्रायकरचा धक्का लागून. लग्नाला अकरा वर्षं झाली, आमच्या घरात कॅरम कोणाला येतो हे मला त्या संध्याकाळी कळलं.

डॉक्टरांचे कान पुन्हा लाल झाले होते. "वहिनी, अजून एक डाव," म्हणत ते गोट्या लावायला लागले. लावता लावता त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे गुरुजी आज खरंच मुद्दाम नव्हते हरले?"

सुनंदानं स्ट्रायकर रेघेवर ठेवला, एक डोळा मिटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कायचं मुद्दाम, भाऊ! यायले येतेच कुठं!"