एकमताने बारगळलेला कायदा

"विधेयकाचा कायदा कसा होतो, हे मला कुणी शिकवू नये!" असे डेल्फीन हॉग्रूड वॉशिंग्टनमध्ये भेटेल त्याला बजावत असत. तो त्यांचा अधिकारच होता. एल्क फोर्डच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते; प्रतिनिधिगृह, सिनेट, राष्ट्राध्यक्षांची सही, ही तक्त्यावरच्या बाणांची शिस्तबद्ध मिरवणूक त्या झोपेतही काढून दाखवू शकत. त्याच बळावर त्या प्रतिनिधी म्हणून निवडून आल्या, आणि दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, पडल्या. नाताळ झाला की मुदत संपणार आणि तिच्याबरोबर सारी अर्धवट विधेयकेही मरणार. तत्पूर्वी त्यांना एकच कायदा करून जायचा होता: गावच्या टपाल कार्यालयाला दिवंगत पोस्टमन ऑर्विल स्टेनबॅकचे नाव. त्याची विधवा विनिफ्रेड नव्वदी ओलांडून केवळ त्या पाटीसाठी थांबली होती.

"लवकर कर गं पोरी. मी काही कायमची नाही."

"केक सांगून ठेवा, विनीकाकू!"

प्रतिनिधिगृहात त्या दिवशी माणसांपेक्षा खुर्च्या अधिक होत्या. अध्यक्षांनी "अनुकूल?" म्हटले, दोघांनी हुंकार दिला, "प्रतिकूल?" म्हटले, कुणी खोकलेसुद्धा नाही. मंजूर! डेल्फीनबाई संसद भवनाच्या घुमटाखालून जवळजवळ धावतच सिनेटर थॅडियस क्रोल यांच्याकडे गेल्या.

"अभिनंदन!" आपल्याच राज्याचे ते वृद्ध सिनेटर लाजत म्हणाले. "तुम्हाला चकित करावं म्हणून मीही एक विधेयक आणलं होतं. काल रात्री आमच्याकडे मंजूर झालं. बिनविरोध!"

"मजकूर?"

"तुमचाच. अक्षरन् अक्षर."

"मग झालाच की कायदा!"

नापास विद्यार्थ्याकडे पाहावे तसे क्रोल यांनी त्यांच्याकडे पाहिले. "बाई, तुम्ही तुमचा कागद मंजूर केलात, आम्ही आमचा. दोघांनी एकच कागद मंजूर करायला नको का?"

तक्त्यावर हा बाण नव्हता!

"मग तुम्ही माझा घ्या."

"किंवा तुम्ही माझा घ्या."

"बरं, तुमचाच घेते."

"छे, छे! मान तुमचा. संध्याकाळी तुमचाच घेतो."

या सौजन्याने राष्ट्राचा घात केला. उरलेले सिनेट करणार, असे डेल्फीनबाईंनी कळवताच प्रतिनिधिगृहाने वर्षाचे कामकाज संपवले आणि सदस्य, घंटा झालेल्या शाळेसारखे, विमानतळाकडे उधळले.

संध्याकाळी क्रोल उठले. "सर्वांच्या संमतीने..."

"हरकत!" मागच्या बाकावरून एक धिप्पाड सिनेटर गरजले. "पोस्टमनबद्दल मला नितांत आदर आहे. पण माझ्या राज्यातल्या धरणाला परवानगी मिळेपर्यंत माझी प्रत्येक गोष्टीला हरकत आहे!"

"अहो, काल याच मजकुराला तुम्ही हूं की चूं केलं नाहीत!"

"काल मी जेवायला गेलो होतो."

एकाची हरकत मोडायला सिनेटला दिवसच्या दिवस लागतात, आणि नाताळ उंबरठ्यावर होता. डेल्फीनबाई प्रेक्षक गॅलरीतून उठून उलट दिशेने पळाल्या: निदान आपल्या सभागृहाने क्रोल यांचा कागद घ्यावा! तिथे एक पहारेकरी दिवे मालवत होता.

"बाई, आता फक्त मी आहे. माझं मत चालेल?"

एका सभागृहात कुणी नसले तरी होकार मिळतो; दुसऱ्यात सगळे असले तरी एक नकार पुरतो. या दोहोंच्या मधोमध, घुमटाखालच्या थंड फरशीवर, पायातले बूट काढून बसलेल्या एका शिक्षिकेला गावाकडे फोन लावणे भाग होते.

"विरोधात किती मतं पडली गं?" विनीकाकूंनी विचारले.

"मत एकही नाही, काकू."

"आणि बाजूनं?"

"सगळी. दोन्हीकडे."



"आमचा नातू रसेल तुझ्या वर्गात होता, आठवतंय? परीक्षेत तू विचारलं होतंस, विधेयकाचा कायदा कसा होतो? त्यानं लिहिलं होतं, 'होत नाही.'"

"आठवतंय."

"तू शून्य दिलं होतंस."

डेल्फीनबाईंनी एक बूट पायात चढवला.

"जाऊ दे. केक येऊन पडलाय, पोरी. खायला ये," विनीकाकू म्हणाल्या. "आणि येताना ते तुझं लाल पेन घेऊन ये."