गेस्ट बंद करा!

आमच्या साखर कारखान्याच्या संगणकात माझ्या परवानगीशिवाय मुंगीसुद्धा शिरू शकत नाही! हे मी उगाच फुशारकी म्हणून सांगत नाही. फिजिक्सचा पदवीधर आहे मी.

व्यवस्था अशी: एका दणकट संगणकाच्या पोटात चार आभासी संगणक. त्यांना आम्ही ‘गेस्ट’ म्हणतो. उसाचा वजनकाटा त्यातल्याच एकावर चालतो. त्यांचे स्क्रीन मी माकणीत घरी बसून लॅपटॉपवर बघतो, माऊसनं चालवतो. तेही उघड्या इंटरनेटवरून नाही, कुलूपबंद बोगद्यातून! मधे कुणी डोकावलंच, तर त्याला नुसती अगम्य अक्षरं दिसतील.

हीच सुरक्षा तपासायला गायत्री मॅडम पुण्याहून आल्या होत्या. त्यांनी मान डोलावली की माझी नोकरी कायम! त्या गेस्ट हाऊसमध्ये आंघोळीला गेल्या, आणि इकडे काट्याचा गेस्ट गोठला! माऊस हलेना.

मी सिद्रामप्पांना फोन लावला. ऑफिस आणि गेस्ट हाऊस, दोन्ही त्यांच्याच ताब्यात. गेस्ट बंद करायचं लाल बटण मी त्यांना ऑफिसच्या स्क्रीनवर दाखवून ठेवलं होतं.

“आप्पा, गेस्ट बंद करा! लगेच!”

“बंद? आन् ते कशापायी, रणधीर सायेब?”

“सुरक्षेचा प्रश्न आहे!”

“असं व्हय! करतो की.”

खट्ट असा आवाज आला. मला वाटलं, बटण.

“केलं. पर आतून लई खडखड व्हायलीय ओ.”

“पंखा असेल. लक्ष देऊ नका.”

माझा स्क्रीन ढिम्म! गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली असणार.

“आप्पा, ऐकत नाही तो! पावर तोडा!”

“लाईट बी?”

“हो! जरा थांबून परत चालू करा. मग मागचं सगळं विसरून नव्यानं सुरू होतो.”

“इसरतील व्हय?” आप्पांचा आवाज खोल गेला. “मला न्हाय वाटत. लई चिडल्यात.”

“कोण चिडलंय?”

“गेस्ट! डोळ्यात साबण गेलाय म्हन्त्यात!”

“कडी काढा, आप्पा! आधी कडी काढा!”

तेवढ्यात काटा आपला आपण सुरू झाला. पण आता त्याकडे बघायला जीव कुणाचा थाऱ्यावर होता?

थोड्या वेळानं फोनवर मॅडमच आल्या. आवाज बर्फासारखा.

“बाहेरून धोका शून्य, असं लिहितेय. सगळा धोका आतून आहे. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

मी सांगितलं. स्पेलिंगसकट! कायम केल्याच्या पत्रावर चूक नको ना व्हायला.